व्हर्सायचा तह आणि त्याचे राखणदार

प्रचलित मत

पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजी जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहाविषयी पाठ्यपुस्तकांपासून वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांपर्यंत एकच सूत्र सांगितले जाते. तह सूडबुद्धीने लादलेला व अपमानास्पद होता, त्या अपमानातून हिटलर उभा राहिला आणि म्हणून दुसऱ्या महायुद्धाचे बी त्या तहातच पेरले गेले, असे ते सूत्र आहे. ते लक्षात ठेवायला सोपे आहे, आणि सूडाचा धिक्कार त्यात आपोआप होत असल्यामुळे सांगणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही नैतिक समाधान देणारे आहे. त्यामुळेच ते इतकी वर्षे तपासल्यावाचून राहिले आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन वेगळे आहे. मोठ्या युद्धानंतरच्या तहाचे भवितव्य त्याची कलमे कडक आहेत की मवाळ यावर प्रथमतः ठरत नाही. तह झाल्यानंतर त्याच्या पाठीशी कोण, किती काळ आणि कोणत्या अधिकाराने उभे राहते यावर ते ठरते. तहातील अन्यायाचे परिणाम होतातच, परंतु जितांच्या संतापापेक्षा जेत्यांच्या डळमळीत होणाऱ्या विश्वासातून ते अधिक खोलवर होतात. व्हर्सायचा तह या दोन्ही कारणांनी कोसळला आणि प्रचलित मताला ही दोन्ही कारणे दिसत नाहीत.

१. कठोरपणाचे मोजमाप

व्हर्सायच्या तहाने जर्मनीचा सुमारे १३ टक्के प्रदेश व सुमारे १० टक्के लोकसंख्या गेली, सैन्य एक लाखापुरते मर्यादित झाले, विमानदल, रणगाडे व पाणबुड्या बाळगण्यास बंदी आली, ऱ्हाइनलँड हा पश्चिम सीमेवरचा प्रदेश निर्लष्करी ठरवण्यात आला आणि युद्धाची नुकसानभरपाई डोक्यावर बसली. हे ओझे हलके नव्हते. परंतु त्याच्या सुमारे सव्वा वर्ष आधी, मार्च १९१८ मध्ये, जर्मनीने स्वतः जेता म्हणून रशियावर ब्रेस्ट-लिटोव्स्कचा जो तह लादला होता, त्यात जुन्या रशियन साम्राज्याची जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्या आणि कोळशाच्या खाणींचा फार मोठा भाग त्याच्या हातून गेला होता. जर्मन संसदेने तो तह मोठ्या बहुमताने मंजूर केला होता, ही गोष्ट व्हर्सायच्या अन्यायाची चर्चा करताना सहसा कोणी आठवत नाही.

त्यापेक्षा बोलकी तुलना १९४५ ची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीशी तहाची बोलणी झालीच नाहीत. बिनशर्त शरणागती, संपूर्ण देशाचा चार सत्तांकडून ताबा, युद्धपूर्व भूमीपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पोलंड व सोव्हिएत संघाकडे, पूर्वेकडून सुमारे सव्वा कोटी जर्मनांची हकालपट्टी, उरलेल्या देशाची फाळणी आणि नेत्यांवर न्यूरेंबर्ग येथे खटले, असा तो निकाल होता. अपमान आणि हानी यांतूनच सूडाचे युद्ध जन्मते हे खरे असते, तर १९४५ नंतरच्या वीस वर्षांत जर्मनीने तिसरे महायुद्ध पेटवायला हवे होते. तसे झाले नाही.

उलट बाजूचे उदाहरण म्हणून १८१५ ची व्यवस्था नेहमी पुढे केली जाते: नेपोलियनच्या पराभवानंतर व्हिएन्ना येथे मुत्सद्द्यांनी फ्रान्सला उदारपणे वागवले आणि म्हणून युरोपात दीर्घ शांतता नांदली, असे म्हटले जाते. यात अर्धे सत्य आहे. वॉटर्लूनंतर २० नोव्हेंबर १८१५ रोजी पॅरिस येथे झालेल्या तहाने फ्रान्सवर सत्तर कोटी फ्रँकची खंडणी बसली आणि त्याच्या ईशान्येकडील किल्ल्यांत दोस्त राष्ट्रांचे दीड लाख सैन्य फ्रान्सच्याच खर्चाने ठेवण्यात आले. त्याच दिवशी ब्रिटन, ऑस्ट्रिया, प्रशिया व रशिया यांनी आपली चतुःसत्ता आघाडी नव्याने पक्की केली. खंडणी फिटत आली तेव्हा, १८१८ मध्ये, सैन्य हलले आणि फ्रान्सला सत्तांच्या पंक्तीत जागा मिळाली. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पहारा, मग सवलत. १८१५ चे यश उदारपणाचे होते हे खरे, पण तो उदारपणा ज्यांच्या हाती काठी होती त्यांनी दाखवलेला होता.

२. न दिसलेला पराभव

व्हर्सायच्या अपयशाची सुरुवात तहाच्या आधीच, शस्त्रसंधीच्या वेळी झाली. जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ याने सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस आघाडी केव्हाही कोसळेल असे सांगून तातडीने शस्त्रसंधीची मागणी केली. परंतु ११ नोव्हेंबर रोजी काँपिएन्याच्या अरण्यातील रेल्वेच्या डब्यात जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून सही करायला बसला तो माथियास एर्झबर्गर हा मुलकी राजकारणी होता. ज्यांनी युद्ध चालवले आणि हरले, त्या सेनापतींपैकी कोणीही त्या कागदाला बोट लावले नाही. त्या क्षणी जर्मन सैन्य फ्रान्स व बेल्जियमच्या भूमीवर उभे होते आणि जर्मनीतील एकाही मोठ्या शहरात शत्रूचा शिपाई शिरलेला नव्हता. डिसेंबरमध्ये परतणाऱ्या पलटणी बर्लिनमध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजातून संचलन करीत आल्या, शिरस्त्राणांवर पानाफुलांच्या माळा होत्या, रस्त्याच्या दुतर्फा गर्दी होती आणि नव्या प्रजासत्ताकाचा प्रमुख एबर्ट याने रणांगणावर त्यांना कोणी जिंकले नाही अशा आशयाचे भाषण करून त्यांचे स्वागत केले.

सामान्य नागरिकाने हे दृश्य पाहिले आणि सहा महिन्यांनी तहाची कलमे वाचली, तेव्हा या दोहोंची सांगड त्याला घालता येईना. ती सांगड घालून दिली लुडेनडॉर्फचा वरिष्ठ असलेल्या फील्डमार्शल हिंडेनबुर्गने: नोव्हेंबर १९१९ मध्ये संसदीय चौकशी समितीपुढे त्याने सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेल्याची कथा अधिकृतपणे मांडली. एर्झबर्गरची ऑगस्ट १९२१ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी गोळ्या घालून हत्या केली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जर्मनांचा रोष तहाच्या कलमांच्या कडकपणातून जितका आला, त्याहून अधिक तो आपण हरलोच नव्हतो या समजुतीतून आला. आणि ज्याला पराभवच मान्य नाही त्याला कोणताही तह, कितीही सौम्य असला तरी, फसवणूकच वाटणार. १९४५ मध्ये बेचिराख झालेल्या बर्लिनमध्ये अशी कथा रुजायला जागाच उरली नव्हती.

३. हमीदारांची माघार

तहाच्या वाटाघाटींत फ्रान्सचा खरा प्रश्न सुरक्षिततेचा होता. जर्मनीची लोकसंख्या फ्रान्सपेक्षा बरीच मोठी होती, तिचे कारखाने शाबूत होते आणि फ्रान्सचे उत्तरेकडील औद्योगिक जिल्हे युद्धात उद्ध्वस्त झाले होते. म्हणून सरसेनापती फॉश याचा आग्रह ऱ्हाइन नदी हीच कायमची लष्करी सीमा असावी असा होता. पंतप्रधान क्लेमान्सो याने हा आग्रह सोडला तो एका वचनाच्या बदल्यात: जर्मनीने विनाकारण आक्रमण केल्यास ब्रिटन व अमेरिका फ्रान्सच्या मदतीला धावतील, असे हमीचे स्वतंत्र तह त्याच २८ जूनला झाले.

संपूर्ण व्यवस्थेचा भार या वचनावर होता आणि तेच सर्वात आधी मोडले. अमेरिकी सिनेटने व्हर्सायचा तह नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये नामंजूर केला, हमीच्या तहावर तर मतदानही झाले नाही. आणि ब्रिटनची हमी अमेरिकेच्या मंजुरीवर अवलंबून ठेवलेली असल्यामुळे तीही गळून पडली. ज्या सवलतीची किंमत म्हणून वचन घेतले होते ती सवलत फ्रान्सने देऊन टाकली होती, वचन मात्र हवेत विरले. युद्धात कमावले ते तहात गमावले, असे मराठीत सहज म्हटले जाते. फ्रान्सने ते तहानंतरच्या नऊ महिन्यांत गमावले.

पुढची पंधरा वर्षे ही याच माघारीची पावले आहेत. १९२५ च्या लोकार्नो करारांनी जर्मनीच्या पश्चिम सीमेला ब्रिटन व इटली यांची हमी मिळाली, पण पोलंड व चेकोस्लोव्हाकिया यांच्याकडील सीमेला तशी हमी देण्याचे टाळण्यात आले, म्हणजे कोणती सीमा खरी व कोणती तात्पुरती हे जेत्यांनीच सही-शिक्क्यानिशी सांगून टाकले. निःशस्त्रीकरणावर देखरेख करणारे दोस्तांचे नियंत्रण मंडळ १९२७ च्या आरंभी परतले. दरम्यान जर्मन सैन्य सोव्हिएत भूमीवर, लिपेत्स्क व कझान येथे, बंदी असलेल्या विमानांचा व रणगाड्यांचा सराव करीत होते. जून १९३५ मध्ये ब्रिटनने फ्रान्सला न विचारता जर्मनीशी नौदल करार करून तहातील नाविक कलमे स्वतःच मोडीत काढली. ७ मार्च १९३६ रोजी हिटलरचे सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये शिरले, तेव्हा नदीपलीकडे गेल्या त्या मोजक्या बटालियन होत्या आणि फ्रेंच सैन्य त्या वेळी कितीतरी बलाढ्य होते. पण लंडनचा पाठिंबा नाही म्हणून पॅरिस हलले नाही. तहाचा खरा शेवट त्या दिवशी झाला, कारण निर्लष्करी ऱ्हाइनलँडमुळेच फ्रान्स आपल्या पूर्वेकडील मित्रांसाठी जर्मनीत मुसंडी मारू शकत होता.

४. नुकसानभरपाईचा आक्षेप

या प्रतिपादनावर पहिला आक्षेप केन्स या अर्थशास्त्रज्ञाच्या नावाने घेतला जाईल. ब्रिटिश शिष्टमंडळातून बाहेर पडून त्याने डिसेंबर १९१९ मध्ये तहाच्या आर्थिक परिणामांवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याने नुकसानभरपाई जर्मनीला न पेलणारी आहे हे मत जगभर रूढ केले. मे १९२१ मध्ये ठरलेला १३२ अब्ज सुवर्ण मार्कांचा आकडा प्रसिद्ध आहे; मात्र त्यातील ८२ अब्जांचे रोखे अशा अटींवर होते की ते वसूल होतील असे खुद्द ते ठरवणाऱ्यांनाही वाटत नव्हते, आणि प्रत्यक्ष दायित्व ५० अब्जांचे होते. १९३२ पर्यंत जर्मनीने एकूण दिले ते सुमारे २० अब्ज. १९२४ च्या डॉज योजनेनंतर अमेरिकी गुंतवणूकदारांकडून जर्मनीत जी कर्जे आली ती तिने दिलेल्या भरपाईपेक्षा अधिक होती आणि त्यातली पुष्कळशी पुढे बुडाली. याउलट १८७१ मध्ये जर्मनीने फ्रान्सवर पाच अब्ज फ्रँकची खंडणी लादली, ती फिटेपर्यंत सैन्य फ्रेंच भूमीवर ठेवले, आणि फ्रान्सने लोकांकडून कर्ज उभारून ती सप्टेंबर १८७३ मध्ये, मुदतीच्या आत, फेडली. पेलवण्याचा प्रश्न बराचसा पेलायची इच्छा आहे की नाही याचा असतो, आणि ती इच्छा जर्मन सरकारांना नव्हती.

अपमान व हिटलर यांचा संबंध तर मतदानाच्या आकड्यांपुढे टिकत नाही. मे १९२८ मध्ये, तहाला नऊ वर्षे होत आली तेव्हा, नाझी पक्षाला २.६ टक्के मते व १२ जागा मिळाल्या. जून १९३० अखेर दोस्तांचे शेवटचे सैन्य मुदतीच्या पाच वर्षे आधीच ऱ्हाइनलँड सोडून गेले आणि अडीच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत नाझींच्या जागा १०७ झाल्या. जुलै १९३२ मध्ये लोझान येथे नुकसानभरपाई जवळजवळ संपूर्ण माफ झाली आणि त्याच महिनाअखेर नाझींनी ३७.३ टक्के मते घेतली. तहाचा फास सैल होत गेला तसतसा हिटलर मोठा होत गेला. साठ लाख बेकार, चॅन्सेलर ब्र्युनिंगच्या सरकारची काटकसर आणि लोकशाही मोडायला टपलेले प्रतिष्ठित पुराणमतवादी, ही त्या वाढीची जवळची कारणे होती. तहाचा राग हा त्या कारणांना तयार मिळालेला शब्दसंग्रह होता.

५. बळाचा आक्षेप

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तह राबवण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स व बेल्जियम यांनी थकबाकीसाठी रूर हा कोळशाचा प्रदेश ताब्यात घेतला आणि त्यातून असहकार, चलनाचा विध्वंस, एका डॉलरला चार लाख कोटींहून अधिक मार्क, अशी भीषण परिस्थिती ओढवली. मग बळाने तह टिकतो असे कसे म्हणावे?

रूरच्या प्रसंगाचे नीट वाचन केले तर तो उलट साक्ष देतो. ती कारवाई काही जेत्यांनी इतरांच्या नापसंतीत केली होती. ब्रिटन बाजूला उभे राहिले, अमेरिकेने ऱ्हाइनवरचे आपले उरलेसुरले सैन्य त्याच महिन्यात काढून घेतले, आणि जर्मन सरकारने नेमकी हीच फट ओळखून नोटा छापून संपकऱ्यांना पोसले. १८१५ ते १८१८ मधील चार सत्ता एकत्र होत्या, म्हणून त्यांना बळ वापरावेच लागले नाही. बळ असणे आणि एकट्याने बळ वापरावे लागणे यांत मोठा फरक आहे. तह राखणारे एकजुटीने उभे असतील तर पहारा मुकाटपणे चालतो, त्यांच्यात दुफळी पडली की प्रत्येक वसुली हे छोटे युद्ध बनते.

१९४५ चे उदाहरण शीतयुद्धामुळे अपवादात्मक आहे, असेही म्हणता येईल. ते खरे आहे आणि त्यामुळे प्रतिपादन बळकटच होते. अमेरिका युरोपात राहिली ती परोपकारासाठी नव्हे, सोव्हिएत सत्तेच्या भीतीमुळे. म्हणजे राखणदाराला स्वतःचे थांबण्याचे कारण होते. मार्शल योजना, कोळसा व पोलाद समुदाय, १९५३ चा लंडनचा कर्जकरार आणि १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचा नाटोतील प्रवेश, हे सारे त्या मुक्कामाच्या छत्राखाली शक्य झाले. अंतिम समझोता १२ सप्टेंबर १९९० रोजी मॉस्कोत झाला, तोवर पंचेचाळीस वर्षे तह नसतानाही शांतता टिकली. अर्थात या शांततेचे मोल वॉर्सा, प्राग व पूर्व बर्लिनच्या नागरिकांनी आणि घरदार सोडून हाकलल्या गेलेल्या लोकांनी चुकते केले. ती न्याय्य होती असा दावा येथे नाही.

६. अन्याय कोणाला पोखरतो

मग तहातील न्यायाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि प्रचलित मताची खरी चूक येथेच उघडी पडते. अन्यायाने जितांना राग येतो, पण राग हा तह मोडण्यासाठी पुरेसा नसतो. हंगेरीने १९२० च्या त्रियानोंच्या तहात दोन तृतीयांश भूमी गमावली आणि तिचा संताप जर्मनीपेक्षा कमी नव्हता, तरी ती एकटी काही करू शकली नाही. तह मोडतो तो जेत्याला स्वतःच्या बाजूविषयी शंका येऊ लागते तेव्हा.

स्वयंनिर्णय, म्हणजे प्रत्येक लोकसमूहाने आपले राज्य आपण ठरवावे, हे तत्त्व अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन याने जाहीर केले, पण ऑस्ट्रियातील जर्मनांना जर्मनीशी एकत्र येण्यास तहातूनच निघालेल्या राष्ट्रसंघाच्या संमतीखेरीज बंदी घातली गेली आणि चेकोस्लोव्हाकियातील सुमारे तीस लाख जर्मनांना कोणी विचारले नाही. यामागे सुरक्षिततेची कारणे होती, ती तशी उघडपणे सांगितली असती तर निदान प्रामाणिक ठरली असती. तत्त्वाच्या नावाखाली ती दडवल्यामुळे तत्त्वच हिटलरच्या हातातले हत्यार झाले. १९३८ मध्ये म्युनिक येथे ब्रिटिश पंतप्रधान चेम्बरलेनने चेकोस्लोव्हाकियाचा जर्मनबहुल सुडेटन प्रदेश देऊन टाकला, तेव्हा त्याच्यामागे भीती होतीच, पण मागणी तत्त्वतः योग्य आहे ही ब्रिटिश सुशिक्षितांत दीर्घकाळ मुरलेली भावनाही होती. केन्सच्या पुस्तकाने बर्लिनपेक्षा लंडनमध्ये अधिक काम केले ते हेच. तरुण फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ एत्येन मांतू याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केन्सचा मुद्देसूद प्रतिवाद लिहिला आणि १९४५ च्या वसंतात, युद्ध संपायला थोडे दिवस उरले असताना, तो लढताना मारला गेला. त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आले आणि आजही केन्सच्या तुलनेत फार थोड्यांनी वाचलेले आहे.

७. दालनाबाहेर ठेवलेले

युरोपबाहेर तर स्वयंनिर्णयाचे तत्त्व लागूच केले गेले नाही. वंशसमानतेचे कलम राष्ट्रसंघाच्या घटनेत घालण्याच्या जपानच्या सूचनेला एप्रिल १९१९ मध्ये ती घटना ठरवणाऱ्या आयोगातील १७ पैकी ११ मते मिळाली, तरी अध्यक्ष विल्सनने एकमत हवे म्हणून ती फेटाळली. चीनमधील शांटुंगचे जर्मन हक्क जपानला दिले गेले, म्हणून चीनने तहावर सहीच केली नाही. भारताच्या नावाने सही केली ती भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंह यांनी. काँग्रेसने आपले प्रतिनिधी म्हणून टिळक, गांधी व हसन इमाम यांची नावे ठरवली होती. टिळक तेव्हा इंग्लंडमध्येच होते, पण पॅरिसला जाण्याचा परवाना त्यांना मिळाला नाही, म्हणून त्यांनी परिषदेचा अध्यक्ष क्लेमान्सो याला निवेदन पाठवले. त्या निवेदनातील युक्तिवाद आज वाचताना थक्क करतो. स्वयंशासित भारत हा आपल्या विस्तारामुळे व मनुष्यबळामुळे पूर्वेकडे राष्ट्रसंघाचा बलवान कारभारी होऊन जगाची शांतता राखू शकेल, असे टिळकांनी मांडले होते. हक्काची याचना करण्याऐवजी त्यांनी त्या परिषदेला नेमकी तिची उणीव असलेली वस्तू देऊ केली होती: एक राखणदार. ज्या वसंतात हे निवेदन गेले त्याच वसंतात भारतावर रौलट कायदा लादला गेला आणि जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या.

हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक व कामगार युद्धासाठी समुद्रापार गेले होते; १९१६ मध्ये इराकमधील कूत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकून उपासमारीने शरण आलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. ज्या इराकसाठी ते लढले तो १९२० मध्ये विश्वस्त प्रदेश, म्हणजे राष्ट्रसंघाच्या नावाने चालवायची ताबेदारी, म्हणून ब्रिटनला मिळाला; त्याच वर्षी तेथे उठाव झाला आणि तो मोडायला पुन्हा मुख्यतः भारतीय सैन्यच वापरले गेले. पॅरिसमध्ये ब्रिटनने जी साम्राज्यवृद्धी मिळवली, तिने युरोपातील तह राखायला लागणारे सैन्यच खाऊन टाकले: इराक, इजिप्त, आयर्लंड आणि पॅलेस्टाइन येथे तुकड्या अडकल्यावर ऱ्हाइनसाठी फारसे काही उरत नव्हते. १९२२ मध्ये तुर्कस्तानच्या चनाक येथे संघर्षाची वेळ आली, तेव्हा ब्रिटनच्या मदतीच्या हाकेला कॅनडाने आपली संसद काय ते ठरवेल असे कळवून हात आखडता घेतला आणि ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जचे सरकार त्याच शरद ऋतूत पडले. त्याआधीच, मार्च १९२१ मध्ये, दिल्लीतील नव्या केंद्रीय विधानसभेत शिवस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने ठराव झाले होते: भारतीय सैन्य भारताच्या संरक्षणासाठी आहे आणि भारताच्या सीमेबाहेरच्या मोहिमांसाठी ते एरवी वापरले जाऊ नये.